कोण गातं?

चियापास प्रांताच्या डोंगरातल्या गावात चर्चमधले जुने संत सोडून नुसत्या येशूला भजणाऱ्यांना हाकलून देत. तरी मारुच चुलीपाशी बसून, चेहरा न दाखवता, फोनवरून दूरदूरच्या वस्त्यांना येशूची गाणी ऐकवायची. एकदा गाणं संपतंय तोच गावप्रमुख सालवादोर माणसं घेऊन दारात आला. "फोनवर फिरणारा आवाज याच घरातला. कोण गातं?" कोपऱ्यात मका सोलणारी मारुचची सासू उठली. ती संतांपुढे मेणबत्त्या लावणारी. या गाण्यांपायी सुनेशी अबोला धरलेली. "मी गाते." "तू? गाऊन दाखव, मावशी." मारुचने डोळे गच्च मिटले. म्हातारीने थरथरत्या आवाजात अख्खं गाणं म्हटलं, एकही शब्द न चुकता. "काढ आता मला गावाबाहेर. तुझी नाळ मीच कापलीय." सालवादोर खालमानेने परतला. म्हातारी मटकन बसली. "उद्या हळू गा गं, पोरी."