नाव घ्यायचा मान

"आन मग त्या म्हाताऱ्यानं माझंच नाव घेतलं," कृष्णात म्हणाला, तशी पारावरची माणसं पुढं सरकली.

महायुद्धातली लढाई संपवून तो परवाच गावी आला होता. लंडनला विजयाची परेड झाली, तिच्यात पलटणीतून निवडलेल्या मूठभर जवानांत तोही होता. गावाला परेडचं ऐकायचं होतं, राजाचं ऐकायचं होतं. हा गडी मात्र सकाळपासून एका दारूच्या दुकानाचंच लावून बसला होता.

सगळे पुढं सरकले, एक सोडून. पाराच्या पार टोकाला, पाठ करून, त्याचे वडील, आबा, घायपाताची दोरी वळत बसले होते. गुंडा सोंगाड्या. एके काळी हा माणूस नुसता येऊन उभा राहिला तरी वाईपासून सांगलीपर्यंतच्या जत्रा पोट धरून हसायच्या. चार वर्षांपूर्वी कृष्णात भर अंगणात बोलला होता, "लुगडं नेसून नाचणाऱ्याचा पोरगा म्हणून मला जगायचं न्हाई," आणि भरतीला निघून गेला होता. त्या दिवसापासून आबांनी सोंग सोडलं. फडवाले तीनदा बोलवायला आले आणि तिन्ही वेळा हात हलवत परत गेले. आता माफी मागायची म्हणून कृष्णात समुद्र ओलांडून आला खरा, पण घरचा उंबरा ओलांडला आणि त्याची जीभ टाळ्याला चिकटली. दोन दिवस बापलेकांत "जेवलास?" आणि "जेवलो" यापलीकडे शब्द नव्हता.

"पहिल्यापासनं नीट सांग रं," हंबीरराव पाटील म्हणाले.

"कॉनर म्हणून आयर्लंडचा गडी. इटलीत आमच्या शेजारी आघाडीवर हुता. लंडनात त्यानंच मला त्या दारूच्या दुकानात नेलं. त्याच्या मुलखातली माणसं तिथं सांजची जमत्यात. सांज म्हंजे, रातीचं आठ वाजलं तरी भाईर आपल्या चारच्यागत ऊन! आत समद्यांच्या हातात काळीभोर बीर, वर सायीगत फेस."

"तू प्यालास?" कुणीतरी विचारलं.

पाराला लागूनच घर होतं आणि दारात राहीबाई, त्याची आई, ज्वारी पाखडत होती. कृष्णातनं तिकडं एकदा बघून घेतलं. "चव बघितली," तो म्हणाला. पार खदखदला. राहीबाईंचं सूप जरा जोरात वाजलं.

"आत गाणंबजावणं चाललेलं. मी आपला बूट दारात काढून गेलो. गाण्याम्होरं बूट घालून कसं जायचं? पर कुणी हसलं न्हाई. कॉनरनं बी काढलं. तिथला रिवाज लय झ्याक हाय. ज्यानं आपलं सादर केलं, त्यानंच फुडच्याचं नाव घ्यायचं. नाव निघालं की उठायचं. गाणं म्हणा, नक्कल करा, न्हाई म्हणायचं न्हाई. येक गवंडी उठला, त्यानं फिडल, म्हंजे त्यांची सारंगीच, वाजवली. काळीज हाललं माझं. येक हमाल उठला, त्यानं दुकानवाल्या बाईचीच नक्कल केली, आन ती सवता डोळं पुसत हसत हुती." तो थांबला. "आन नक्कल करणाऱ्याला, आवं, पहिल्या बाकावर जागा. म्हातारी माणसं उठून जागा देत हुती."

टोकाला दोरीचा पीळ थांबला.

"मग येक म्हातारा गाऊन बसला, आन त्यानं माझं नाव घेतलं. मला काय येतंय? कवायत. शेवटी येका म्हातारीची शाल मागितली, डोक्यावर पदर घेतला आन म्हशीची धार काढाया बसलो."

ही म्हैस गावाच्या ओळखीची होती. बायको माहेरी गेलेली, म्हैस दुसऱ्याला जवळ येऊ देत नाही, म्हणून नवरा बायकोचं लुगडं नेसून धार काढायला बसतो, आणि म्हैस वळून त्याचा वास घेते. गुंडा सोंगाड्याचं सगळ्यात गाजलेलं सोंग.

"मराठीत?" पाटलांनी विचारलं.

"मराठीत. येक अक्षर कुणाला कळलं न्हाई. पर समदी गाईगुरांतनं आलेली माणसं. म्हस वास घेती तिथं आबा थांबत्यात, तिथं मी बी थांबलो. आन मग आख्खं दुकान हसलं बघा! मी इटलीत तोफा ऐकल्या, पर असा आवाज जल्मात ऐकला न्हाई. हे कुणाचं म्हणून इचारलं त्यांनी. पलटणीच्या कागदावर मी बापाचा धंदा निस्ती शेती लिवला हुता. तिथं मोठ्यानं म्हणलो, माझा बाप सोंगाड्या हाय. समदी उठून उभी ऱ्हायली."

"मग तू कुणाचं नाव घेतलंस?"

"कुणाचंच न्हाई. म्हणलो, माझा माणूस हितं न्हाई, साताऱ्याकडं हाय. म्हातारा म्हणला, मग नाव संगं ने, पर घेतल्याबिगर ऱ्हाऊ नगंस."

कृष्णात उठला. वाकून त्यानं बूट काढले आणि अनवाणी पाराच्या टोकाला गेला. "आबा," तो म्हणाला. "माझं झालं. आता तुमचं नाव."

दारात सूपही वाजायचं थांबलं होतं.

"म्हस वास घेती तिथं," आबा दोरीवरनं वर न बघता म्हणाले, "थांबलास किती?"

"चार आकडं मोजून."

"येक जास्त झाला," आबा म्हणाले. त्यांनी दोरी बाजूला ठेवली, डोक्याचा पटका सोडला, त्याचाच पदर घेतला आणि चार वर्षांनी धार काढायला बसले.