आधी रुग्णवाहिका

बारावीचा निकाल लागला आणि लाखो मुलं संकेतस्थळावर तुटून पडली. आमच्या सरकारी डेटा सेंटरच्या प्रमुख बनसोडे मॅडमनी सर्व्हरमधल्या प्रोसेसरचे बहुतेक कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, निकालासाठीच दिले होते. उरलेल्या थोड्या कोअरवर जिल्ह्याची रुग्णवाहिका सेवा चालायची.

तेवढ्यात एका कारखान्यात वायुगळती झाली. मदतीसाठी फोनवर फोन येऊ लागले आणि रुग्णवाहिकेची यंत्रणा अडखळली.

"निकालाचे निम्मे कोअर रुग्णवाहिकेला दे," मॅडम मला म्हणाल्या.

"मग निकाल उघडणार नाही, मॅडम. वरून फोन येतील."

"येऊ देत. मी बोलते."

मी कोअर वळवले. अडकलेले कॉल भराभर पुढे सरकले, गाड्या कारखान्याकडे निघाल्या.

मग मॅडमच्या मुलीचा फोन आला. "आई, माझा निकाल उघडतच नाहीये." तिचीही बारावी आहे, हे आम्हाला तेव्हा कळलं.

"मीच थांबवलाय, बाळा. माणसं दवाखान्यात पोचू देत."

"तिचा परीक्षेचा नंबर सांगा, मी आतून बघतो," मी म्हणालो.

"नको. सगळ्या मुलांबरोबर बघेल ती."

शेवटचा रुग्ण दवाखान्यात पोचल्यावरच त्यांनी कोअर परत द्यायला सांगितले आणि हातात मोबाइल धरून त्या लेकीच्या फोनची वाट बघत बसल्या.