बाईंची दुसरी वडी

"मीठ मी घालते, बाबा," सून म्हणाली.

"माझी परीक्षा आणि मीठ तुझं? असं कुठं असतं?" बाबा म्हणाले. "आण इकडे तो डबा."

तिने डबा पुढे सरकवला आणि हाताची घडी घालून शेजारी उभी राहिली. बाबांनी पाव चमचा मीठ घेतलं, वरून सुरीने सपाट केलं आणि दोनदा निरखून मगच पातेल्यात सोडलं. पस्तीस वर्षं हेच मीठ त्यांनी नुसत्या बोटांच्या अंदाजाने टाकलं होतं.

बाबांच्या मिठाईच्या दुकानाला त्या दिवशी पस्तीस वर्षं पूर्ण होत होती. संध्याकाळी जुनी गिऱ्हाइकं वरच्या खोलीत चहाला येणार होती, आणि चहाबरोबर बाबांच्या हातचा फज, म्हणजे कोकोची मऊ वडी. सुनेने सकाळीच सांगून टाकलं होतं, "मागच्या महिन्यात गणिताच्या बाईंनी डबा परत आणला. खारट म्हणून. पुन्हा तसं झालं तर आपली पत जाईल. आज बाईंनी मान डोलावली तर मागची भट्टीची खोली तुमची. नाही तर मी बाहेरून आचारी आणते आणि तुम्ही खिडकीपाशी बसून खुशाल पेपर वाचा."

खिडकीपाशी पेपर. बाबांच्या अंगावर काटा आला. देव हातपाय चालते ठेवतो तो काय पेपर वाचायला?

खरी गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. हिवाळ्यात घरात ताप शिरला आणि ते आणि सून, दोघंही पंधरा दिवस अंथरुणाला खिळली. मुलगा बोटीवर नोकरीला, तो वर्षातून दोनदा यायचा. ताप गेला, पण जाताना बाबांची चव आणि वास दोन्ही घेऊन गेला. साखर जिभेवर ठेवली तर वाळू, लोणी म्हणजे मेण. हे फक्त देवाच्या कानावर घातलं होतं, तेही कुजबुजत.

तेव्हापासून चार महिने ते कानांनी आणि हातांनी काम करत होते. बुडबुड्यांचा आवाज जड झाला की पाक जवळ आला. थेंब गार पाण्यात टाकायचा, त्याची मऊ गोळी वळली की पातेलं उतरवायचं. राहिली चव. ती सुनेच्या जिवावर. ती चमचा चाटायची आणि बाबा हळूच विचारायचे, "बरोबर आहे ना?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला तर बरोबर वाटतं."

"मग बरोबरच असणार."

तरीही तो एक घाणा खारट गेलाच. घाईत चाखला असेल पोरीने, असं म्हणून बाबांनी तो दोष मनातल्या मनात पोटात घातला होता.

आज मात्र चूक होऊ द्यायची नाही. त्यांनी साखर तोलली, दूध तोललं, कोको तोलला. ढवळता ढवळता उलथनं एकदा तळाशी खरखरलं. तळ लागत होता. बाबांनी झटकन आच कमी केली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून सुनेकडे पाहिलं. ती पातेल्यावर वाकलेली होती, पण तिने नाकही मुरडलं नाही. परीक्षक असावा तर असा, त्यांना वाटलं.

संध्याकाळी वरची खोली भरली. शिंपी आला, दवाखान्यातल्या सिस्टर आल्या, कोपऱ्यावरचा घड्याळजी बायकोला घेऊन आला. गणिताच्या बाई सगळ्यात शेवटी आल्या आणि दाराजवळची ताठ पाठीची खुर्ची बघून बसल्या.

बाबा स्वतः थाळी घेऊन त्यांच्यापुढे गेले. बाईंनी वडी उचलली, चारी बाजूंनी तपासली.

"या वेळी समुद्रात बुडवून नाही ना आणली?"

"खाऊन बघा. चुकलं असेल तर काट मारा."

बाईंनी वडी तोंडात टाकली. खोलीतले कप जागच्या जागी थांबले. सून किटली हातात धरून बाईंच्या हनुवटीकडे एकटक बघत होती. बाई सावकाश चघळत राहिल्या. मग त्यांनी हात पुढे केला आणि दुसरी वडी घेतली.

"पैकीच्या पैकी," तोंड भरलेलं असतानाच त्या म्हणाल्या.

मग काय, थाळीवर झुंबड उडाली. घड्याळजीने दोन वड्या रुमालात बांधल्या, त्याच्या बायकोने त्यातली एक काढून खाल्ली. अर्ध्या तासात थाळीत भुगासुद्धा उरला नाही.

खाली मागच्या खोलीत सुनेने रिकामी थाळी ठेवली. तिचे डोळे पाणावले होते. "जिंकलात, बाबा. आता ही खोली तुमची. मी पुन्हा आचाऱ्याचं नाव काढणार नाही."

बाबांनी भट्टीवर हात ठेवला. अजून कोमट होती. एवढी माया, आणि ती खोटेपणाने घ्यायची? मनाला पटेना.

"सूनबाई, बस जरा. आचारी आणायचा तर आण, पण आता लपवत नाही. तापापासून मला चव कळत नाही. वासही नाही. चार महिने मी सगळं तुझ्या जिभेच्या भरवशावर रेटलंय."

वर कुणीतरी मोठ्याने हसलं. सुनेने जाऊन दार लोटलं, कडी लावली आणि मग साखरेच्या पोत्यावरच बसली.

"हळू बोला, बाबा," ती म्हणाली. "मलाही त्या तापापासून ना चव लागते, ना वास येतो. मी आपली तुमचं तोंड बघून सांगत होते."