चुन्यातली भिंत

"आई, त्या दाराला नको बांधूस तोरण. काढ ते. गवंडी येतोय."

कुसुमताई स्टुलावर उभ्या होत्या. हातात पुण्याहून आणलेलं, स्वतः विणलेलं लोकरीचं तोरण. दाराच्या अलीकडे त्यांची खोली, पलीकडे मुलगा-सुनेचं स्वयंपाकघर. तोरण बांधावं तर याच दाराला, असं त्यांनी आल्या दिवशीच ठरवलं होतं.

"गवंडी कशाला रे?"

"हे दार बुजवायचंय ना."

कुसुमताईंनी स्टुलावरूनच वळून त्याच्याकडे पाहिलं. पुण्याचा फ्लॅट विकून सगळं या घरात ओतलं, ते काय शेजारीण म्हणून राहायला? "आता एकत्र राहू, आई," असं फोनवर हाच म्हणाला होता की नाही?

निहार जर्मनीत, ड्रेस्डेनमध्ये चिपच्या कारखान्यात इंजिनियर. पण या घराचं त्याला भारी वेड. कुणा इंग्रज गिरणीवाल्यानं दीडशे वर्षांपूर्वी आपल्या मुलखातल्यासारखं लाल विटांचं घर इथे आणून उभं केलं होतं. विषय निघाला की निहार थांबायचा नाही.

"ती फिकट वीट बघ. तिथे खिडकी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे तीन कुटुंबं कोंबली, तेव्हा बुजवली. आणि हे दार तर मुळात नव्हतंच! तुझी बाजू नोकरांची. त्यांची ये-जा मागच्या अंगणातून. भिंत फोडून दार त्या कुटुंबांनी काढलं."

"बरं केलं बाई त्यांनी," कुसुमताई म्हणाल्या.

"आपण परत मूळचं करतोय," निहार म्हणाला. स्वतः काय बोललो ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.

ईप्सिता कॉफी घेऊन आली. "अहो आई, तुमचं किचन, तुमची बाथरूम, सगळं स्वतंत्र आहे. खुशाल पहाटे उठून फोडण्या घाला. आमच्याकडे यायचं तर अंगणातून या. फक्त आधी एक मेसेज टाकत जा."

सून गोड बोलत होती, त्याचाच कुसुमताईंना जास्त राग आला. बर्फ पडल्यावर त्या अंगणातून कसं यायचं, हे कुणी बोलेना. त्यांनी तोरण सोडायला घेतलं. गाठ सुटेना, तेव्हा दोरा तोडला.

गवंडी आला, "हालो" म्हणाला आणि कामाला लागला. विटा भराभर चढू लागल्या. ईप्सिताची शेगडी दिसेनाशी झाली, मग ओटा.

"बघ, सिमेंट नाही, चुना वापरतोय तो," निहार आईला समजावू लागला. "जुन्या वास्तू जपणारं खातं असतं इथे, त्यांची अटच आहे. बदल करा, पण असा करा की गरज संपली की मूळ घराला धक्का न लावता काढता यावा. चुना कसा, ठोकला की सुटतो."

कुसुमताई उरलेल्या फटीतून पलीकडे बघत होत्या.

"म्हणजे माझे डोळे मिटले, की दार उघडायला तुम्ही मोकळे."

"गेनाऊ!" निहार म्हणाला. एवढा तांत्रिक मुद्दा आईला एका झटक्यात कळला म्हणून तो खूश झाला होता.

गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. एवढं जर्मन कुसुमताईंनाही येत होतं.