तिसरा हात

“समोरचे दोन दात हालते पोरीचे. तेवढे घट्ट करून द्या, बाई. बाकी काई दुखत नाई तिले.”

डॉक्टरीणबाईनं दिव्यानीचं तोंड उघडून पाहिलं, मिटून पाहिलं. वरचे दात एकीकडे, खालचे दुसरीकडे. हनुवटी उजव्या अंगाला ओढल्यासारखी. वडशाच्या शाळेत नागपूरच्या डॉक्टरांनी दातांचं शिबिर लावलं होतं. वर्गातल्या बाकावरच पोरीला झोपवलं होतं.

“नुसते दात नाहीत आजी, जबडाच सरकलाय. ही दातानं काय ओढते?”

“जाळं,” सुगंधाबाई म्हणाली. “तुमच्या नागपुरात मासोळ्या आपल्या पायानं ताटात येत असतीन. आमच्या इथी जाळं फेका लागते.”

शिशाच्या गोळ्यांनी जड झालेला जाळ्याचा काठ दातांत धरायचा, अंग फिरवायचं, जाळं सुटलं की त्याच क्षणी तोंड उघडायचं. काम बाप्याचं. पण दिव्यानीचा बाप उमाजी पुरात गेला. आईनं वर्षाच्या आत दुसरं घर केलं. आजा लटारू खाटेवर. पोरीचे पक्के दात येत होते, तेव्हापासून तीच जाळं फेकते. साऱ्या ढीवर मोहल्ल्यात तिच्याइतकं गोल जाळं कोणाचं पडत नाही. सुगंधाबाई टोपली घेऊन बाजारात बसते अन् कोणापुढे हात पसरत नाही.

मागच्या उन्हाळ्यात आरमोरीहून पाहुणे आले होते. सुगंधाबाईनं पोरीला अशी बसवली, की वाकडी बाजूच त्यांच्यासमोर यावी. “मासोळी असो का पोरगी, दाखवूनच द्या लागते,” म्हणाली. पाहुणे चहा पिऊन गेले, ते गेलेच. म्हातारीच्या इमानाचं गावात नाव झालं.

“हिचं अजून वाढतं वय आहे,” डॉक्टरीणबाई सांगत होती. “आता तार लावली, वरखाली रबर अडकवले, तर दोनेक वर्षांत जबडा जागेवर येईल. आता सोडलं तर पुढं हाड कापून बसवावं लागेल. काहीच केलं नाही तर एखाद दिवशी तोंड उघडणंच बंद होईल. पण आधी ते जाळं दातांतून सुटलं पाहिजे.”

“हात दोन. जाळ्याले तिसरा लागते. तो कोठून आणू?”

“काठ खांद्यावर टाकूनही फेकतात, आजी. भंडाऱ्याकडं मी डोळ्यांनी पाहिलंय.”

“अन् तारेचा पैसा?”

“लागत नाही.”

“नागपूरले हिले घेऊन कोण फिरन? तिचा आजा?”

“आम्हीच दर महिन्याला इथं येणार आहोत.”

सुगंधाबाईजवळची कारणं सरली.

डॉक्टरीणबाईनं दिव्यानीच्या हातात आरसा दिला अन् अंगठ्यानं तिची हनुवटी हळूच मधे आणली. दातावर दात बसला. तोंड सिधं झालं. आरशात एक देखणी पोरगी होती. कोणत्याही मांडवात शोभली असती.

सुगंधाबाईनंही पाहिलं. लई वेळ पाहिलं. मग तिनं आरसा ओढून घेतला.

“दात घट्ट करा अन् सोडा. आमच्या पोरीच्या तोंडात लोखंड नाई भरा लागत.”

“आजी, तोंड असंच राहिलं तर हिचं लग्न कसं जमेल?”

सुगंधाबाईनं आरसा बाकावर पालथा ठेवला. एरवी तिचं उत्तर प्रश्नाच्या आधी येते.

दिव्यानी उठून बसली. हनुवटी पुन्हा उजवीकडे गेली होती. तिनं आजीचा पदर धरला.

“आजी, मी लगनच नाई करत. तुह्या घरीच राहीन, मरेपर्यंत जाळं फेकीन. आता तं लावू दे न तार.”