मान टाकणारं बॉल हेड

“हेही नको. नॉब फार गुळगुळीत आहे. पहाटे दवाने हात ओले असतात, घसरेल,” ती म्हणाली.

दुकानदाराने ते बॉल हेड परत खोक्यात ठेवलं. काउंटरवर उघड्या खोक्यांचा नुसता पसारा झाला होता. कॅमेऱ्याच्या दुकानात नवरा तासन्‌तास निवडतो आणि बायको घड्याळ बघते, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. आज सगळं उलटंच चाललं होतं. बायको एकेक हेड हातात घेऊन खोड काढत होती आणि नवरा काउंटरपासून दारापर्यंत येरझारा घालत होता.

“अगं, पुरे आता! कुठलंही चालेल, फक्त मान टाकणारं नको,” तो म्हणाला. “पिल्लांना पिसं फुटलीत. दोन दिवसांत भुर्र होतील. उद्या पहाटे कॅमेरा लागला नाही, तर हेही वर्ष गेलं म्हणून समज.”

“मागच्या वर्षीही असंच म्हणाला होतात. कुठलंही चालेल. मग काय झालं?”

मागच्या वर्षी जे झालं तेच आज पहाटेही झालं होतं. बॉल हेड म्हणजे ट्रायपॉडच्या डोक्यावरची फिरती गोळी. कॅमेरा हवा तसा वळवायचा आणि बाजूचा नॉब आवळायचा, की तो जागच्या जागी गच्च. एवढंच तिचं काम, आणि ऐन वेळी तेवढंच होत नव्हतं. हळद्याच्या घरट्यासमोर कॅमेरा लावून दोघं रिमोट घेऊन झुडपाआड बसत, आणि इकडे ती जड लेन्स पेंग आल्यासारखी हळूहळू खाली झुके. पक्षी चोचीत अळी घेऊन येई, पिल्लं चोची वासत, आणि फोटोत येई घरट्याखालची फांदी. फांदीचे इतके देखणे फोटो जगात दुसऱ्या कुणाकडे नसतील. मग नव्या हेडचा शोध सुरू होई. हे बघ, ते बघ, याला विचार, त्याला विचार. या भानगडीत आठवडे जात, आणि तोवर घरटं रिकामं झालेलं असे.

“साहेब, घरट्याचाच एवढा हट्ट कशाला?” दुकानदाराने विचारलं. “हरणं काढा, तळी काढा.”

“ती ढिगाने काढलीत. त्यातला एकही फोटो हललेला नाही. पण घरट्याची मजा और आहे हो!” बोलता बोलता त्याचा चेहरा उजळला. “पहिल्या वर्षी एक फोटो साधला होता. बक्षीस मिळालं. झाड कुठलं म्हणून फोनवर फोन! मीही सांगून टाकलं. आठवडाभरात त्या झाडाखाली ही झुंबड उडाली, ट्रायपॉड ठेवायला जागा मिळेना.”

“घरटं नीट दिसावं म्हणून लोकांनी भोवतीच्या डहाळ्या छाटल्या,” ती एका खोक्याचं झाकण लावत म्हणाली. “सावली गेली. कावळ्यांना आयतीच वाट झाली. पिल्लं एका दुपारीत संपली.”

“चालायचंच. निसर्ग आहे. पुढच्या वर्षी बांधलंच की त्यांनी नवं.”

तिने वरच्या फळीकडे बोट केलं. “ते जरा दाखवता?”

आता मात्र त्याचा धीर सुटला. पिशवीतून त्याने जुनं हेड काढलं, दुकानातल्या ट्रायपॉडवर बसवलं, वर कॅमेरा आणि ती जड लेन्स चढवली. “थांबा, तुम्हाला दाखवतोच हे कसं झुकतं. म्हणजे नेमकं काय नको ते तरी कळेल.” उघड्या दारातून त्याने समोरच्या शिंप्याच्या पाटीचा कोपरा धरला. डोळा कॅमेऱ्याला, दोन्ही हात लेन्सवर. “आवळ,” तो सवयीने म्हणाला.

तिचा हात लगेच पुढे झाला. पण दुकानदाराचा हात जवळ होता. त्याने नॉब आवळूनही टाकला.

“अहो, मी करते ना!” ती जरा जास्तच मोठ्याने म्हणाली.

“झालं की वहिनी.”

नवरा हात सोडून बाजूला झाला. “आता बघा गंमत.” तिघंही लेन्सकडे बघत राहिली. एक गिऱ्हाईक येऊन बॅटरी घेऊन गेलं. नवऱ्याने डोळा लावला. पाटीचा कोपरा होता तिथेच होता. त्याने दारापर्यंत आणखी एक फेरी मारली, परत आला, परत बघितलं. कोपरा तिथेच. ती कॅमेऱ्याच्या पट्ट्याची घडी घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती.

“साहेब, हे तर तसूभरही हलत नाही,” दुकानदार हिरमुसून म्हणाला. हातातली विक्री चालली होती. “विकायचं असेल तर मीच घेतो.”

नवरा बराच वेळ वाकलेलाच राहिला. हेड तेच. लेन्स तीच. हरणं हलली नव्हती, तळं हललं नव्हतं. तो सावकाश उभा राहिला आणि त्याने बायकोकडे पाहिलं.

“तू नीट आवळतेस ना गं?”

“हरणांच्या वेळी आवळते. तळ्याच्या वेळीही आवळते.”

“आणि घरट्याच्या वेळी?”

या प्रश्नाची तिने इतकी वर्षं धास्ती घेतली होती. आता तो आलाच होता, आणि तिला अजिबात भीती वाटली नाही. तिने काउंटरवरची सगळी खोकी त्याच्यापुढे सरकवली.

“घ्या यातलं हवं ते,” ती म्हणाली. “आवळणारी मीच आहे.”