मोज्यांतले हात

भोसरीतल्या प्लेटिंगच्या कारखान्यात जयमालाताईंना हातमोज्यांशिवाय मालाला हात लावायला वीस वर्षं बंदी होती. त्यांचा घामच असा खारा, की चकचकीत निकेलवर नुसतं बोट टेकलं तरी दुसऱ्या दिवशी डाग उमटायचा. मग मारुंजीत जुन्या धाटणीच्या इलेक्ट्रिक गिटारी बनवणाऱ्या स्वरूपामॅडमची ऑर्डर आली: तारा पिळायच्या खुंट्या, पण पन्नास वर्षं वापरल्यासारख्या मळकट, पिवळसर. साहेबांनी अ‍ॅसिडात बुडवून पाठवलेले तिन्ही नमुने परत आले. "हे गंजल्यासारखं दिसतंय, वापरल्यासारखं नाही," असा निरोप होता. जयमालाताईंनी हातमोजे उतरवले आणि आठवडाभर एकच खुंटी मुठीत घोळवली. ती पाहून मॅडम स्वतः कारखान्यात आल्या. "केमिकल कुठलं वापरलंत?" साहेबांनी ताईंकडे बोट दाखवलं. ताईंनी दोन्ही तळवे पुढे पसरले. मॅडम हात मिळवायला सरसावल्या. ताई ऐटीत म्हणाल्या, "आधी ती चांदीची अंगठी काढा!"